बेटावरचा वैमानिक

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आपली उपनगरं साष्टी बेटावर वसली आहेत. रविवारी पहाटे मोटरसायकली काढून घोडबंदरच्या रस्त्याने या बेटाची फेरी करणारी तरुण मंडळी मला मनापासून आवडतात. हवाईच्या माउई बेटावर असेच दुचाकीस्वार समुद्रालगतची वळणं घेत किपाहुलूला जातात, वैमानिक चार्ल्स लिंडबर्गच्या कबरीपाशी.

आपले वैमानिक जे. आर. डी. टाटा यांची कबर मात्र दूर पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत आहे. पण त्यांची आठवण जागवायला तिथवर कशाला जायचं? आपल्या याच बेटावरचं जुहू आहे की! १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन, एका इंजिनाचं छोटंसं पस मॉथ विमान स्वतः चालवत ते इथे उतरले. वाटेत अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले होते. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी चिखलात जायची, तेव्हा विमानं पुण्याहून उडत. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, टाटांनी कराची ते जुहू हा प्रवास लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केला. केवढी ही निष्ठा!

येत्या रविवारी गाडी जुहूकडे वळवा. विमानतळाच्या कुंपणाजवळ थोडं थांबा आणि सोबतच्या मुलांना ही हकीकत जरूर सांगा.