पिशवीचा कोपरा

माणसाला आपली मोठी पापे सहसा आठवतात. लहान पापे मात्र तो रोज नव्याने करतो. म्हणूनच की काय, ती त्याच्या लक्षात राहत नाहीत. माझ्या अशाच एका पापाचा पत्ता मला लागला तो चौथीतल्या एका मुलीमुळे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शिराळ्याच्या शाळेची सहल आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे गेली होती. पोरे समुद्र प्रथमच पाहत होती. परतताना कुणी शंख आणले, कुणी शिंपले. या मुलीने बाटलीत वाळू भरून आणली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ती कागदावर पसरली. तिच्यात निळे, तांबडे, हिरवे कण चमकत होते. "रत्नं हाईत!" एक पोरगा ओरडला. समुद्राला रत्नाकर म्हणतात, हे मीच त्यांना शिकवले होते! मी एक कण नखाने दाबून पाहिला. तो फुटला नाही, नुसता वाकला. ते प्लास्टिक होते.

"गुरुजी, कुणी टाकलं वं ह्ये?" तिने विचारले.

ठाऊक नाही असे म्हणणे मास्तराच्या जिवावर येते. मी भिंतीवरच्या नकाशाचा आश्रय घेतला. "आपण नव्हे," मी म्हणालो. "सह्याद्रीच्या अलीकडचं पाणी पूर्वेला जातं. आपली मोरणा वारणेला मिळते, वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते आणि कृष्णा कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला." माझ्या आवाजात निर्दोष सुटलेल्या आरोपीचे समाधान होते.

ती क्षणभर नकाशाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मग तिकडच्या पोरींच्या वाळूत आपलं आसंल?"

तास संपल्याची घंटा झाली. मास्तर वाचला, माणूस मात्र वाचला नाही.

वाचकहो, प्लास्टिक कुजत नाही, ते फक्त बारीक होते. ऊन त्याला ठिसूळ करते, लाटा आणि वाळू त्याला दळतात. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना शास्त्रज्ञ मायक्रोप्लास्टिक म्हणतात. २००४ साली इंग्लंडमधील रिचर्ड थॉम्पसन यांच्या लेखाने हा शब्द जगभर गेला. मुंबईच्या चार किनाऱ्यांची वाळू अभ्यासकांनी तपासली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत चौरस मीटरमागे सरासरी साठाहून अधिक तुकडे निघाले आणि त्यांतले शंभरात चाळीसहून जास्त असेच बारीक होते. शिंपल्यांतले जीव पाणी गाळून अन्न घेतात. त्यांना हा कण आणि तो घास यांतला भेद कळत नाही.

त्या संध्याकाळी मी मोरीपाशी उभा होतो. हातात कात्री आणि दुधाची पिशवी. सवयीने मी कोपरा कापला. नखाएवढा तो तुकडा मोरीत पडला आणि पाण्याबरोबर दिसेनासा झाला. घर मांडल्याला वीस वर्षे झाली. रोज एक कोपरा. चौथीतले पोरही हा गुणाकार करील: ७,३०० कोपरे. काही गटारात अडकले असतील, काही धरणांच्या गाळात बसले असतील. पण ज्यांना वाट मिळाली, ते नकाशातल्या त्याच निळ्या रेघेने गेले असतील.

हे पाप म्हणावे काय? आपल्या नीतीला कर्ता लागतो, कृत्य लागते आणि ज्याचे वाईट झाले तोही समोर लागतो. आमच्या शिराळ्याला हे चांगले कळते. नागपंचमीचा नाग डोळ्यांना दिसतो. म्हणून १९७२ चा वन्यजीव कायदा त्याच्या बाजूने उभा राहू शकला. पण नखाएवढ्या कोपऱ्याचा गुन्हा कोणत्या चावडीवर मांडायचा? 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण बचतीसाठी राखून ठेवली. पापाला ती लावून पाहण्याचे कुणाला सुचले नाही.

कुणी म्हणेल, कारखानदारांना विचारा, सरकारला विचारा. जरूर विचारावे. राज्याने २०१८ साली बंदी आणली, देशाने २०२२ साली एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर आणली. आठवडी बाजारात फेरी मारली की तिचे काय झाले ते दिसते. परंतु दुसऱ्याचा वाटा मोठा निघाला, म्हणून माझा वाटा शून्य होत नाही. वजाबाकीचा असा नियम मी कोणत्याही वर्गात शिकवलेला नाही.

आणि मी संपूर्ण स्वच्छ राहू शकतो, हाही भ्रमच. माझ्या टेरिकॉटच्या सदऱ्यातून दर धुण्याला न दिसणारे तंतू सुटतात. या जगात सोवळे कुणालाच जमणार नाही. मग माणसाने काय करावे? मला वाटते, सोवळ्याचा हट्ट सोडून हिशेब ठेवावा. जो निर्दोष असल्याचे सोंग करतो, तो काहीच बदलत नाही. जो आपला वाटा ओळखतो, तो निदान एक कोपरा वाचवतो.

शिवाय अंतराची सबब आता उरलेली नाही. २०१८ साली मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी बाजारातले मीठ तपासले. त्यात हे कण सापडले. साध्या वाळूतून पाणी गाळले, तरी वजनाने पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक कण अडतात, हेही त्यांनीच दाखवले. ज्याचे मीठ खावे त्याला जागावे, असे आपण म्हणतो. समुद्राचे मीठ आपण पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले, पण त्या मिठाला जागलो नाही. आणि तो मुका दाता आपलेच उष्टे मिठाबरोबर परत पाठवतो आहे!

लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी नव्या केरसुणीची पूजा होते. घरातला केर तिने निघतो, वाळूतला निघत नाही. म्हणून आता कात्री मी जपून चालवतो. चीर देतो, कोपरा तोडत नाही. तो पिशवीलाच लोंबत राहतो. घरातली मंडळी हसतात. एवढ्याने समुद्र वाचणार नाही, हे मलाही कळते.

पण ती बाटली अजून वर्गाच्या खिडकीत आहे आणि मुलीचा प्रश्न अजून उभा आहे. कृष्णेच्या मुखाशी अशीच एखादी चौथीतली पोर वाळूत बसली असेल. तिच्या बाटलीत माझे काही सापडलेच, तर ते जुने असावे, एवढी माझी धडपड आहे.