फसलेल्या माणसाचा गुन्हा

कुणी फसला की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, "इतका शिकलेला माणूस, आणि असा कसा फसला?" दुसरं, "लोभ हो, लोभ! दुसरं काय?" एवढं बोललं की बोलणाऱ्याला सत्यनारायणाचं तीर्थ घेतल्यासारखं वाटतं. चोराबद्दल तिसरं वाक्य सहसा निघतच नाही. घर फोडलं तर आपण चोराला शिव्या घालतो. फोनवरून खातं फोडलं तर घरमालकाला.

हा न्याय काही मला पटत नाही. महिन्यात दामदुप्पट देणाऱ्या शेअरगुरूंच्या नादी लागणाऱ्यांचं वकीलपत्र मी घेत नाही. तिथे लोभ असतो, कबूल. पण बाकीचं बघा. "मागचं बिल भरल्याची नोंद नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल," असा निरोप मोबाइलवर येतो. याला कोण फसतं? जो बिल आल्या दिवशी भरतो, पावत्या फायलीला लावतो आणि मीटरवाला दारात उभा राहिला तर शेजारी काय म्हणतील याची ज्याला धास्ती असते, तो. ज्याने तीन महिने बिलच भरलेलं नाही, तो निरोप वाचून कूस बदलतो. जुना सोफा विकायला काढला की "मी लष्करात आहे, बदली झालीय," असं सांगणारं गिऱ्हाईक येतं. पैसे मिळवण्यासाठी हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका म्हणतं. आता पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही, हे शांत डोक्याला समजतं. पण समोर जवान आहे म्हटल्यावर आपला ऊर भरून आलेला असतो, आणि भरल्या उराने कोण हिशेब करतं?

सगळ्यांत कहर म्हणजे डिजिटल अटक. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला साहेब, मागे कचेरीचा देखावा, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ! कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, आणि पैसे 'तपासणीसाठी' अमुक खात्यात भरायचे. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनी हे सांगितलं. पण ज्याने जन्मात पोलीस चौकीची पायरी चढली नाही, त्याची गणवेश बघूनच बोबडी वळते. सराईत गुंड असता तर म्हणाला असता, "साहेब, वॉरंट दाखवा आधी."

म्हणजे वेळेवर बिल भरणं, जवानाला मान देणं, कायद्याला भिणं, या आपल्या आईबापांनी छडी मारून शिकवलेल्या गोष्टींचीच हे लोक शिडी करतात. पद्धत जुनीच आहे. रावण राक्षसाच्या वेषात आला असता तर सीतामाईंनी दारच उघडलं नसतं. तो भिक्षेकरी होऊन आला, कारण त्या घरातून अतिथी विन्मुख जाणार नाही याची त्याला खात्री होती. बरं, खातरजमा करा म्हणावं, तर द्रोणाचार्यांनी केली होती की! अश्वत्थामा मेला ही भीमाची आरोळी त्यांनी खरी मानली नाही. जो खोटं बोलणारच नाही अशा धर्मराजाला जाऊन विचारलं. पुढचं आपण जाणताच. त्या एका अर्ध्या खोट्यापायी चार बोटं अधांतरी चालणारा धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला म्हणतात. आजच्या फोनवाल्यांचे रथ मात्र अजून तरंगताहेत.

आपल्या हसण्याचा खरा फायदा कुणाला होतो, तेही बघा. १९२५ साली व्हिक्टर लस्टिग नावाच्या इसमाने सरकारी अधिकारी बनून पॅरिसचा आयफेल टॉवर भंगारात विकला. घेणाऱ्याला इतकी लाज वाटली म्हणे, की त्याने पोलिसांत तक्रारच केली नाही. तेव्हा लस्टिगसाहेब पुन्हा आले, टॉवर दुसऱ्यांदा विकायला! आज १९३० या नंबरावर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यांत पळायच्या आत अडवता येण्याची आशा असते. पण माणूस दोन दिवस काढतो तो बायकोला कसं सांगू, मुलगा काय म्हणेल, या विचारात.

मग काय, सगळ्या जगावर संशय घ्यायचा? तेही जमत नाही. आपण रॉंग नंबरलासुद्धा "जेवण झालं का?" विचारणारी माणसं. समोरचा बोलत असताना फोन ठेवून देणं आपल्याला उठून जाणाऱ्या पाहुण्याला चहा न विचारण्याइतकं जड जातं. माझं आपलं मत असं, की माणसावर संशय घेण्याआधी घाईवर घ्यावा. "आत्ताच्या आत्ता" आणि "कुणाला सांगू नका" हे शब्द आले की सभ्यपणाचा करार संपला, खुशाल फोन आपटावा. बोलणारा बिचारा असेलही. म्यानमारमध्ये नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबलेल्या आणि हीच फसवाफसवी करायला लावलेल्या शेकडो भारतीयांना २०२५ च्या मार्चमध्ये सरकारने विमानाने परत आणलं. त्यांनाही आधी कुणी तरी फसवलंच होतं. पण दया करायची तर फोन ठेवल्यावर करावी.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढलं. त्यात ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडे दिले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, असं म्हटलं होतं. नियम म्हणून ठीक आहे, कुठे तरी रेघ ओढावीच लागते. पण काउंटरवर बसलेल्याचा पेच त्याने सुटत नाही. मागे एक निवृत्त मास्तर मुदत ठेव मोडायला आले. खिशातला फोन चालू, चेहरा पांढराफटक. ठेव त्यांची, पैसे त्यांचे, 'कशाला मोडता?' असं विचारणारा मी कोण? आणि उद्या मुलीच्या ऑपरेशनसाठी पैसे काढणाऱ्यालाही मी हेच विचारायचं का? तरी मी विड्रॉवल स्लिपच्या मागे लिहिलं, "फोनवर पोलीस आहेत का?" मास्तरांनी वाचलं आणि वर्गातल्या मुलासारखी नुसती मान हलवली. मॅनेजरसाहेब त्यांना केबिनमध्ये घेऊन गेले, फोन बंद केला, पाणी दिलं. ठेव शाबूत राहिली.

मास्तर अजूनही दर महिन्याला पेन्शन काढायला येतात. माझ्या काउंटरवर चिटपाखरू नसलं, तरी शेजारच्या रांगेत उभे राहतात.