फाटकापाशीची खूण



खुणा दोन प्रकारच्या असतात. एक खूण आपल्याला चालवते आणि दुसरी आपल्याला उभे करते. गळ्यातली तुळशीमाळ, कपाळीचा बुक्का, खांद्यावरची पताका ह्या चालवणाऱ्या खुणा. त्या आपण हौसेने धारण करतो. पण उभे करणारी खूण वाटेत आली की आपला जीव कासावीस होतो. 'आता कशाला थांबायचे? चला, होते पुढे!' असे मन म्हणते. आज ह्या दुसऱ्या खुणेविषयी चार शब्द बोलायचे आहेत. विषय अगदी रस्त्यावरचा आहे. रेल्वेच्या फाटकाशी ज्या जुन्या पाट्या, खांब आणि दिवे असतात, त्यांचे हे निरूपण आहे.

कोणी म्हणेल, महाराज, परमार्थाच्या पानावर रेल्वे कशाला? अहो, वारकऱ्याचा आणि रेल्वेचा संबंध आजचा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पुढे १९०६ साली बार्शी लाईट रेल्वेची अडीच फूट रुंदीची लहान गाडी कुर्डुवाडीहून पंढरपुरास पोचली आणि १९२७ साली तीच वाट मिरजेपर्यंत गेली. कितीएक म्हातारी माणसे त्या गाडीने पांडुरंगाच्या भेटीला आली असतील! ती धाकटी गाडी आता गेली, रूळ रुंद झाले, गाड्यांचा वेग वाढला. पायी चालणारा वारकरी मात्र त्याच पायांनी चालतो आहे. रूळ आणि पायवाट जिथे एकमेकांना छेदतात, तिथे हा वाढलेला वेग आणि ते जुने पाय समोरासमोर येतात. म्हणून तिथली खूण ओळखता आली पाहिजे.

रस्त्याने जाताना लाल काठाची त्रिकोणी पाटी दिसते. तिच्यात कुंपणासारखे फाटक काढलेले असेल, तर पुढे राखणदार असलेले फाटक आहे असे समजावे. तिच्यात धुराड्याचे इंजिन काढलेले असेल, तर पुढे फाटक नाही, राखणदार नाही, आपली राखण आपणच करायची. पाटीखाली तिरप्या पट्ट्या असतात. दोन पट्ट्या म्हणजे फाटक अजून २०० मीटर दूर, एक पट्टी म्हणजे ५० ते १०० मीटरवर आले. निरक्षर माउलीलाही वाचता येईल अशी ही लिपी आहे.

आता मौज पाहा. ब्रॉडगेजवरची कोळशाची इंजिने १९९५ सालीच निवृत्त झाली. आजच्या लहान मुलाने धुराचे इंजिन चित्रातच पाहिले आहे. तरी पाटीवर इंजिन धुराड्याचेच! कोणी हसून म्हणतो, 'पाटी जुनी झाली, तिचे काय ऐकायचे?' बाबा रे, पाटीवरचे इंजिन जुने झाले, पण पाटीने सांगितलेला धोका जुना झाला नाही. उलट आज बहुतेक वाटांवर विजेचे इंजिन धावते. त्याला धूर नाही, ती झुकझुक नाही. पूर्वी गाडी कोसावरून आपली वर्दी देत असे, आता ती जवळ येईपर्यंत कळत नाही. सांगणाऱ्याचा वेष जुना म्हणून त्याचे सांगणे टाकू नये, हे आपल्या संप्रदायाला शिकवायला नकोच.

दुसरी खूण रुळाच्या कडेला असते. पिवळ्या चौकोनावर काळी अक्षरे असतात, 'सी / फा'. म्हणजे 'सीटी, फाटक'. ही पाटी आपल्यासाठी नव्हे, इंजिन चालवणाऱ्यासाठी आहे. पुढे फाटक आहे, शिट्टी दे, असे ती त्याला सांगते. ब्रॉडगेजवर ती साधारण फाटकाच्या अलीकडे ६०० मीटरवर असते. इथे थोडा हिशेब करू. गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने येत असेल, तर हे ६०० मीटर तोडायला तिला सुमारे २२ सेकंद लागतात. आणि एवढ्या वेगातली गाडी, चालवणाऱ्याने कितीही जीव तोडून ब्रेक लावला, तरी ६०० मीटरांत उभी राहील असा भरवसा नाही. लोखंडावर लोखंड घसरते. तिथे बैलगाडीचा कासरा ओढावा तसे होत नाही.

आता आपली दिंडी घ्या. २०० माणसांची दिंडी, चौघांची एक रांग. ५० रांगा झाल्या. रांगेत एकेक मीटर अंतर धरले, तरी ५० मीटरांची दिंडी. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या माउलीच्या चालीने ती रूळ ओलांडायला पुरे एक मिनिट लागते. शिट्टी देते २२ सेकंद, दिंडीला हवीत ६०. म्हणजे शिट्टी ऐकून मग धावू म्हणणाऱ्याचा हिशेब कधीच जुळत नाही. मधल्या रांगा रुळावर असतानाच गाडी येणार. आणि घात कुठे होतो? पुढचे पार झालेले असतात, मागचे उभे असतात, आणि मधला एखादा 'माझी दिंडी सुटली!' म्हणून धावतो. तो भक्तीने धावतो, पण धावतो मृत्यूकडे.

म्हणून दोन गोष्टी हात जोडून सांगतो. त्या कोणाला कडू लागतील.

पहिली गोष्ट, फाटकाशी टाळ-मृदंग थांबवा. ऐकणारा विचारील, 'महाराज, भजन मोडायचे? इतकी वर्षे वाटेत भजन मोडले नाही!' प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. शंभर टाळ एका ठेक्यात वाजत असताना गाडीची शिट्टी कानी पडत नाही. चोपदाराने चोप वर केला की आरतीसाठी सारा समाज क्षणात शांत होतो, ही शिस्त आपल्यापाशी आहेच. तीच शिस्त फाटकाशी वापरा. टाळ थांबला म्हणजे नाम थांबले असे कोणी म्हणू नये. ओठ मिटून, कान उघडे ठेवून, मनात नाम घेत ओलांडलेले ते दहा मीटर भजनात मोजले जाणार नाहीत, असे मानणाऱ्याने आपल्या देवाला फार लहान केले.

दुसरी गोष्ट, फाटकाशी दिंडी तुटली तर तुटू द्या. विणेकरी पलीकडे, तुळस अलीकडे, असे झाले तर पुढच्यांनी रुळापासून दूर जाऊन थांबावे आणि मागच्यांनी फाटक उघडेपर्यंत उभे राहावे. दहा मिनिटांनी दिंडी पुन्हा एक होते. तुटलेली दिंडी जोडता येते, तुटलेला जीव जोडता येत नाही. आणि जिथे रुळांच्या दोन जोड्या आहेत, तिथे एक गाडी गेली म्हणजे वाट मोकळी झाली असे धरू नये. पहिलीच्या आडून दुसरी येते, आणि पहिलीच्या आवाजात दुसरीचा आवाज बुडतो.

आता जुन्या सिग्नलाचा दृष्टांत घेऊ. उंच खांबावर लाकडी वा लोखंडी हात असे. हात आडवा म्हणजे थांब, हात खाली पडला म्हणजे ये. म्हणून तर 'सिग्नल पडला' असे आपण आजही म्हणतो, जरी बहुतेक ठिकाणी आता रंगीत दिवेच आहेत. ह्या हाताला ओढणारी तार मध्येच तुटली तर काय होई? तिथे वजन अशा बेताने लावलेले असे, की तार तुटताच हात आपोआप आडवा होई. यंत्र बिघडले, तर ते 'ये' म्हणून बिघडू नये, 'थांब' म्हणून बिघडावे, अशी ती योजना.

हे शहाणपण माणसाला एका दिवसात आले नाही. इंग्लंडात आरंभी 'वाट मोकळी आहे' हे सांगायला पांढरा दिवा असे आणि धोक्याला तांबडा. पण तांबडी काच फुटली की आतला दिवा पांढराच दिसे! धोका असतानाच 'ये' म्हणणारी खूण झाली. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरा सोडून मोकळ्या वाटेला हिरवा रंग धरला. आणि आपल्या रेल्वेचा नियम असा, की सिग्नलाचा दिवा विझलेला दिसला तर तो धोक्याचाच समजून गाडी उभी करावी. पाहा, खूण नाही याचा अर्थ परवानगी असा होत नाही. आपण मात्र फाटक उघडे दिसले, दिवा दिसला नाही, शिट्टी ऐकू आली नाही, की निर्धास्त पाऊल टाकतो. रोजच्या वागण्यातही आपले असेच असते. कोणी टोकले नाही म्हणजे आपले बरोबरच चालले आहे, असे समजून माणूस किती दूर वाहवत जातो!

जानेवारी २०१९ पर्यंत देशातल्या ब्रॉडगेज मार्गांवरची राखणदार नसलेली फाटके काढून टाकण्यात आली. कुठे राखणदार नेमला, कुठे खालून वा वरून रस्ता नेला. ही मोठी चांगली गोष्ट झाली. पण राखणदार आला म्हणून आपली सावधगिरी रजेवर जाऊ नये. तो फाटकवाला काय करतो ते तरी आपण कधी पाहिले आहे का? अनेक फाटकांवर स्टेशनमास्तर त्याला टेलिफोनने गाडीची वर्दी देतो, दोघे एकमेकांना क्रमांक सांगतात, वहीत लिहितात, मग फाटक लागते. जिथे फाटक सिग्नलाशी जोडलेले आहे, तिथे फाटक लागल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. रुळावर एखादी गाडी अडकली, तर तो लाल झेंडी वा लाल कंदील घेऊन धावतो. ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके रुळाला बांधतो. चाकाखाली ते वाजले की चालवणाऱ्याला कळते, पुढे संकट आहे.

असा माणूस आषाढीला आपल्या जागेवरून हलू शकत नाही. लाखो पाय त्याच्या समोरून पंढरीला जातात आणि तो दांड्याशी उभा. सावता महाराजांनी अरणच्या मळ्यात राहून देव जोडला, अशी आपली परंपरा सांगते. मळा राखणारा मळ्यात, फाटक राखणारा फाटकात. आणि आपण काय करतो? त्याच्याशी हुज्जत घालतो, 'दोन मिनिटे उघड की!' म्हणून दरडावतो, नाहीतर दांड्याखालून वाकून जातो. बंद फाटक उघडणे किंवा मोडणे हा रेल्वे कायदा १९८९, कलम १६० प्रमाणे तुरुंगवासाचा गुन्हा आहे. पण मी कायद्याचे भय घालीत नाही. ज्याच्या पायाची धूळ कपाळी लावावी, त्याला आपण शिव्या देतो, एवढेच मनाशी धरा.

दिंडीसोबत ट्रक असतो, टँकर असतो. त्यांच्यासाठीही कायद्याने छान सांगितले आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३१ म्हणते, राखणदार नसलेल्या फाटकाशी गाडी उभी करावी, सोबत्याने चालत रुळापर्यंत जावे, दोन्ही बाजूंना गाडी नाही हे पाहावे आणि मग वाहन पार न्यावे. सोबती नसेल तर चालवणाऱ्याने स्वतः उतरावे. वाहनात बसलेल्याला रुळापुढे पायउतार व्हायला लावणारा हा कायदा मला फार आवडतो.

शेवटची खूण नवी आहे, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही. विजेच्या मार्गावर फाटकाच्या अलीकडे रस्त्यावर उंच आडवी कमान असते. ती शोभेची नव्हे. वर २५,००० व्होल्टची तार आहे, एवढ्याच उंचीचे वाहन न्या, असे ती सांगते. त्या तारेला हात लागलाच पाहिजे असे नाही, दोन मीटरांच्या आत जाणेही घातक. म्हणून झेंडेकऱ्यांनी फाटक ओलांडताना उंच पताका खाली घ्याव्यात आणि ट्रकच्या सामानावर कोणी बसू नये. पताका क्षणभर वाकली तर तिचा मान जात नाही. पंढरीत ती देवापुढे वाकतेच ना!

तेव्हा ह्या वर्षी निघण्यापूर्वी प्रत्येक दिंडीने एक करावे. दोन जाणते, चपळ गडी फाटकासाठी नेमावेत, एक अलीकडे, एक पलीकडे. त्यांचा हात वर झाला की विणेकऱ्यापासून शेवटच्या माउलीपर्यंत सर्वांनी थांबावे. इथे मान-अपमान आणू नये. आणि वाटेने जाताना मुलांना ह्या पाट्या दाखवाव्यात, दोन पट्ट्या कुठे, एक कुठे, 'सी / फा' कुठे, ओळखायला लावावे. खेळता खेळता खूण अंगवळणी पडेल.

विठोबा अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे, असे आपण म्हणतो. त्याच्या भेटीला जाणाऱ्याला फाटकाशी दहा मिनिटे उभे राहणे जड का जावे? घरून निघालेले सारे घरी परत येवोत, एवढेच मागणे त्याच्या पायी ठेवून ही सेवा पुरी करतो.

रामकृष्णहरि!