पाळी सोडताना

गेल्या भाऊबीजेला आक्का आली, तेव्हा तिच्या मुलाने पत्त्यांचे दोन जोड आणले होते. आपले बावन्न पानांचे पत्ते नव्हेत. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ नावाचा अमेरिकन खेळ. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. पाने विकत घेऊन जमवायची आणि त्यांतून निवडून आपला जोड आपणच बांधायचा. राक्षसांची नि मांत्रिकांची चित्रे पाहून मला हसू आले. पण भाच्यापुढे मामाने माघार कशी घ्यावी? बसलो खेळायला.

माझे खेळून झाले. ‘झालं माझं, आता तू,’ मी म्हणालो.

‘थांब मामा,’ तो म्हणाला, ‘पाळी अशी एकट्याने संपत नाही.’

मग त्याने नियम सांगितला. ज्याची पाळी, त्याला करण्याचा हक्क आधी. त्याने ‘पास’ म्हटले, की तो हक्क समोरच्याकडे जातो. समोरचाही लागोपाठ ‘पास’ म्हणाला, तरच पाळी पुढे सरकते. मध्येच त्याने एखादे पान टाकले, तर त्याचा निकाल लागतो आणि पहिल्याला पुन्हा हक्क मिळतो. रोजच्या खेळात मुले नुसते ‘गो’ म्हणून मोकळी होतात. पण तो हुकूम नव्हे, प्रस्ताव असतो. समोरचा तो मान्य करील किंवा ‘त्याआधी माझे एक पान आहे’ म्हणून अडवील.

मी पुढचा डाव हरलो, याचे कारण माझे लक्ष डावात नव्हते.

वडील २०१२ साली गेले. वडिलोपार्जित घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच, हा कायदा २००५ सालचा. तो मला ठाऊक होता, आक्कालाही असावा. मी हक्कसोडपत्र तयार करून घेतले आणि निबंधकाच्या कचेरीत तिच्यापुढे ठेवले. ‘एवढी सही राहिलीय, आक्का.’ तिने सही केली. ‘आमच्या आक्काने एका शब्दानेही विचारले नाही,’ हे मी पुढे कितीदा अभिमानाने सांगितले असेल!

कोणी म्हणेल, तिला तोंड नव्हते काय? शिकलेली बाई, हवे होते तर बोलली असती. मीही मनाची अशीच समजूत घातली होती. पण पटावर दोघे खेळाडू सारखे असतात. तिथे ‘पास’ म्हणणाऱ्याचे काही तुटत नाही. बहीण मात्र बोलण्यापूर्वी मनात हिशेब करते, की घर मागितले तर माहेर उरेल का? अशा भीतीपोटी जी गप्प बसते, तिने पाळी सोडली असे म्हणता येईल काय? मौन म्हणजे संमती, असे आपण सहज म्हणून जातो. हे म्हणणारा बहुधा तोच असतो, ज्याला त्या मौनाचा लाभ झालेला असतो. मला तर वाटते, ज्याच्या हातात पाळी आहे, विचारण्याचे ओझेही त्याच्यावरच आहे. आणि ते असे विचारले पाहिजे, की ‘नाही’ म्हणणे समोरच्याला महाग पडणार नाही. एवढी सोय खेळाचा नियमही करीत नाही. ती माणसालाच करावी लागते.

रात्री आक्का स्वयंपाकघरात उरलेला फराळ डब्यांत भरीत होती. मी विचारले, ‘आक्का, त्या दिवशी कचेरीत तुला काही म्हणायचं होतं का गं?’

तिने चकल्यांच्या डब्याचे झाकण लावले, पुन्हा काढले, पुन्हा लावले.

‘होतं,’ ती म्हणाली. ‘मागची खोली मला हवी होती. आई तिथं गेली.’

ती खोली बक्षीसपत्राने आक्काच्या नावे करण्याचे काम सध्या चालू आहे. यात माझे औदार्य काही नाही. इतकी वर्षे संपली असे मी समजत होतो, ती माझी पाळी संपलीच नव्हती, एवढेच.