आमंत्रण आणि आहेर

दिवाळीत फराळाची ताटे घरोघर फिरू लागली, की सत्याला चार दिवसांची रजा मिळते. शेजारच्या काकूंची चकली दातांना दाद देत नसली, तरी 'यंदा चकली झकास साधली' असे आपण म्हणतो. आपल्या घरचे अनारसे कढईत हसले असले, तरी काकूही 'जाळी छान पडली हो' असे म्हणतात. यात कुणी कुणाला फसवत नाही. ताट पाठवणाऱ्याला परीक्षा नको असते आणि ताट घेणारा परीक्षक नसतो. ही चकलीची नव्हे, शेजाराची स्तुती आहे, हे दोघांनाही ठाऊक असते.

पण समजा, उद्या त्याच ताटांची स्पर्धा लागली; ज्या घरच्या चकलीला अधिक शेजारी 'उत्तम' म्हणतील, तिला बक्षीस ठरले. मग तेच गोड वाक्य तितकेच निरुपद्रवी राहील काय? कोपऱ्यावरच्या घरातील एकट्या आजींची चकली खरोखर खुसखुशीत असेल. पण त्यांच्याकडे ना माणसांचा राबता, ना ताट पोचवायला नातवंडे. आपण भिडेखातर काढलेल्या शब्दाने त्यांच्या वाट्याचे काहीतरी हिरावले जाईल. एका ठिकाणचे सौजन्य दुसऱ्या ठिकाणी अन्याय ठरते, ते असे.

हा प्रश्न माझ्यापुढे चकलीच्या नव्हे, कादंबरीच्या रूपाने उभा राहिला. मी तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि वर चित्रकलेची पदविका. दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक रंगारी आणि फ्लेक्सचे फलक आल्यावर त्याच्या हातातून निसटत गेलेली अक्षरे, हा माझ्या पहिल्या कादंबरीचा विषय. गेल्या वर्षी ती मी एका ऑनलाइन स्पर्धेत पाठवली. नियम सोपे होते. कादंबरी सर्वांना वाचायला खुली ठेवायची. वाचकांनी एक ते पाच तारका द्यायच्या आणि अभिप्राय लिहायचा. ज्यांना अधिक प्रतिसाद मिळेल, तेवढीच पुस्तके परीक्षकांपुढे जायची.

आमच्या शाळेतील गणिताच्या सरांनी लगेच हिशेब मांडला. ते म्हणाले, "सर, आपल्या शाळेत चारशे मुले. घरोघर मोबाइल. पालकांच्या गटावर एक ओळ टाका, की पहिली चाळणी पार!" मी गप्प राहिलेला पाहून त्यांनी पुढे विचारले, "लग्नाची पत्रिका वाटताना लाजतो का आपण? मग पुस्तकाचीच लाज कशाला?"

त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. पुस्तक लिहून ट्रंकेत ठेवणे हा काही सद्गुण नव्हे. शिवाय या स्पर्धांनी मजसारख्याचे एक मोठे काम केले आहे. तेथे कुणी पदवी विचारत नाही, पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाची ओळख लागत नाही, टपालहशील सोसून वर्षभर उत्तराची वाट पाहावी लागत नाही. दार उघडे असते. प्रश्न दाराचा नाही. आत कुणाला हाताला धरून आणावे, याचा आहे.

हा पेच मोबाइलने आणलेला नाही. प्राचीन अथेन्समध्ये डायोनिससच्या उत्सवात शोकांतिकांची स्पर्धा होत असे. भिडेचा आणि लाचेचा त्या नगराने केवढा धसका घेतला होता पाहा! दहा गणांमधून चिठ्ठ्या टाकून दहा परीक्षक निवडायचे, त्यांना शपथ घालायची, आणि त्यांनी दिलेल्या दहा मतांपैकीही पाच सोडतीने काढून तेवढीच मोजायची. इतके करूनही ख्रिस्तपूर्व ४३१ मध्ये युरिपिडीसच्या 'मीडिया' नाटकाच्या वेळी तिघा स्पर्धकांत तो तिसरा आला. म्हणजे व्यवस्था निर्दोष असली, तरी रुची चुकू शकते. परंतु येथेच एक भेद ध्यानात घ्यावा. चुकलेले मत हेही मतच असते. भिडेने दिलेले मत हे मुळी मतच नव्हे.

आपल्याकडची एक हकीकत तर मोठी गमतीची आहे. कलकत्त्याच्या हेमेंद्रमोहन बोस यांनी आपल्या 'कुंतलीन' या केशतेलाच्या प्रसारासाठी कथास्पर्धा सुरू केली. कथेत तेलाचे नाव यावे, पण ती जाहिरात वाटू नये, अशी अट! १८९६ मध्ये तिचे बक्षीस जगदीशचंद्र बोस यांच्या कथेला मिळाले. तीत तेलाच्या एका बाटलीने समुद्रावरचे वादळ शांत होते. याच स्पर्धेत पुढे १९०३ च्या सुमारास 'मंदिर' नावाची कथा गाजली. ती शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची होती; पण तिच्यावर नाव होते त्यांचे मामा सुरेंद्रनाथ गंगोपाध्याय यांचे. जिथे लेखकाने स्वतःचे नावच लावले नाही, तिथे स्वतःच्या नावाची भीड तो कुणाला घालणार?

आजच्या स्पर्धेत मात्र नाव आणि गोतावळा आधी पोचतो, पुस्तक मागून. ॲमेझॉनने २००८ ते २०१४ या काळात अप्रकाशित कादंबऱ्यांची मोठी स्पर्धा भरवली. पहिल्या वर्षी पाच हजारांपर्यंत हस्तलिखिते घ्यायचे ठरले होते. चाळण्यांमागून चाळण्या झाल्या आणि अंतिम निवड ग्राहकांच्या मतांवर सोपवली गेली. बिल लोफेल्म यांची 'फ्रेश किल्स' त्या वर्षी जिंकली. पुढे २०१४ ते २०१८ पर्यंत त्याच कंपनीच्या 'किंडल स्काउट' या उपक्रमात अंतिम निवड संपादक करत. पण ज्या वाचकाने शिफारस केलेले पुस्तक निवडले जाई, त्याला ते फुकट मिळे. आहेराला परतीचा आहेर तो हा!

हा शब्द ओघात आला खरा, पण गणिताच्या सरांना द्यायचे उत्तरही याच शब्दात आहे. पत्रिका वाटायला लाजू नये. परंतु पत्रिका हे आमंत्रण असते. आलेला पाहुणा वधूवरांना पाहतो, जेवतो आणि आपल्या मनाने काय द्यायचे ते देतो. 'पाकीट आणा, आणि त्यात इतके घाला' असे पत्रिकेवर छापले, तर ते आमंत्रण राहील काय? 'माझे पुस्तक वाचा' म्हणणे हे आमंत्रण. 'पाच तारका द्या' म्हणणे ही आहेराची मागणी.

त्यातही शिक्षकाने मागणे वेगळे. ज्याच्या हाती मुलाचे प्रगतिपुस्तक आहे, त्याच्या विनंतीला पालक 'नाही' म्हणू शकत नाही. आणि ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला किंमत ती काय? चारशे घरांतून मला तारका मिळाल्या असत्या, पण चारशे माणसे मी गप्प केली असती.

'सगळेच मागतात, तुम्ही न मागून काय साधणार?' असे कुणी म्हणेल. हा आक्षेप खरोखर बोचरा आहे. न मागणारा हरतो, हे बहुधा खरेच असते. आणि आपल्या निरपेक्षतेचा टेंभा मिरवणे हाही एक प्रकारचा आहेरच मागणे आहे. म्हणून मी पालकांच्या गटाला वगळले आणि ओळखीच्या तीस-चाळीस मंडळींना एवढेच कळवले, की कादंबरी अमुक ठिकाणी आहे. सवड झाली तर वाचावी, नाही वाचली तरी आपला चहा चुकणार नाही.

कादंबरी पहिल्या चाळणीतच थांबली. त्याचे वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. निकालाच्या यादीवरून मी दोनदा बोट फिरवले. परंतु कुठल्याशा गावच्या एका अनोळखी बाईंनी तीन तारका देऊन खाली दोन ओळी लिहिल्या होत्या: 'रंगाऱ्याची बायको फार लवकर गेली. तिचे अजून ऐकायचे होते.' त्या बाईंना माझे काही लागत नव्हते, आणि मला त्यांचे. तरी माझ्या मनातल्या एका माणसासाठी त्या हळहळल्या. रंगाऱ्याच्या बायकोचे आणखी काय सांगता येईल, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे. आणि सुटीत नवी वही घेतली आहे.