दुखत नसताना तपासणी

"दुखत नाही, खुपत नाही, मग तपासायचं काय?" गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी घरोघर फिरणाऱ्या आशाताईंना हे हमखास ऐकावं लागतं. त्याच्या पाठोपाठ येतं, "ह्यांना विचारून सांगते." शहाणी माणसं याला अज्ञान म्हणतात आणि आणखी एक पोस्टर छापतात. खरं तर या उत्तरामागे एक पक्की नीती आहे. व्रत नवऱ्याच्या आयुष्यासाठी, उपास मुलांसाठी. स्वतःच्या धडधाकट शरीरापायी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवायला त्या नीतीत जागा नाही. दुखणं अंगावर काढायचं, आणि अगदीच निभेना तेव्हा दवाखाना. हा रोग मात्र दुखायला लागण्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांतच पकडावा लागतो.

तपासणी तशी किरकोळ. नर्स गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावते, मिनिटभर थांबते आणि पांढरा डाग उठतो का ते पाहते. पण लाज हा बाईचा दागिना, हे ऐकत वाढलेल्या बाईला चार बाळंतपणांनंतरही ते मिनिट जड जातं. त्यात विटाळाची भर. ज्या अवयवापायी महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं, तो दाखवायचा कसा? शरीराची घडणच विटाळातून होते, तर शुद्ध कोण उरलं, असा सवाल संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकात केला होता. वारकरी त्यांचं नाव आदराने घेतात; सवाल मात्र दिंडीतून घरापर्यंत पोचलेला दिसत नाही.

तरीही सगळं लाजेवर ढकलून चालणार नाही. कारण हीच लाज पिशवी काढायच्या शस्त्रक्रियेला आडवी येत नाही. २०१९ मध्ये विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. त्यांत ऊसतोड करणाऱ्या कितीतरी. पाळीमुळे एक खाडा पडला तरी मुकादम पैसे कापतो. मुलं झालेली असतात, अंगावरून पांढरं जात असतं, आणि "पिशवीचा कॅन्सर होईल" म्हणून घाबरवणारा एखादा डॉक्टरही भेटतो. म्हणजे मिनिटभर पाहायला नकार, पण अख्खा अवयव काढायला होकार. नकार आणि होकार दोन्ही एकाच हिशेबातून येतात: शरीर आहे ते संसाराच्या आणि कामाच्या उपयोगाचं. अशा बाईचा होकार तिचा स्वतःचा म्हणायचा का, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गापेक्षा फडावर जास्त टोकदार होतो. आणि तिचा नकार "तिचा निर्णय" म्हणून आदराने बाजूला ठेवणं ही तर निव्वळ सोयीची उदारता.

संस्कृती आडवी येते, ही तक्रारही तपासून घ्यायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी जेमतेम १.९ टक्के बायकांनी ही तपासणी कधीतरी केलेली आढळली. पण १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. तिथे गावात जाऊन समजावून सांगितल्यावर, नर्सबाईंच्या हातून, तपासणीसाठी निवडलेल्या चारपैकी तीनहून अधिक बायकांनी ती करून घेतली. लाज तीच होती, विटाळही तोच. अभ्यासातल्या एका गटाची एचपीव्ही या, रोगाच्या मुळाशी असलेल्या विषाणूसाठी एकदाच चाचणी झाली; त्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. साधारण तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटाला नुसतं आरोग्यशिक्षण देऊन थांबणं न्याय्य होतं का, यावर पुढे कडाक्याचा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

आता एचपीव्ही चाचणीचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेचीही त्याला मान्यता आहे. टेबलावरची लाज त्याने टळेल. पण हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. एकाच पुरुषाशी संसार केलेल्या बाईचा अहवालही पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि बोट मात्र तिच्याच चारित्र्याकडे जातं. त्यामुळे अहवाल तिच्या हाती द्यायचा की नवऱ्यासमोर वाचायचा, हे नमुना घेण्याआधी तिला विचारायला हवं. आणि नवरा बाहेर बसलेला असताना ते विचारायचं कसं, हे नर्सबाईंना शिकवायला हवं.