नाताळचे झाड आणि आपली कुऱ्हाड

डिसेंबर महिना लागला की अमेरिकेतील पुष्कळ कुटुंबे मुलाबाळांसह बाहेर पडतात आणि नाताळचे झाड आपल्या हाताने तोडून आणतात. कोणी त्यासाठी लावलेल्या मळ्यात जातात, तर कोणी सरकारी वनात. वनात वनखात्याचा परवाना पैसे भरून घ्यावा लागतो. नियम वनागणिक वेगळे असले तरी साधारण असे असतात: दाटीतले लहान झाड घ्यावे, खोड जमिनीलगत कापावे, मोठ्या झाडाचा नुसता शेंडा छाटू नये. मळ्यातील झाड पुरुषभर उंच होण्यास सात-आठ वर्षे लागतात.

येथे विचारी मनात प्रश्न उभा राहतो. इतकी वर्षे वाढलेला जीव पंधरा दिवसांच्या आनंदासाठी तोडावा काय?

काहीजण यिर्मयाच्या १० व्या अध्यायाकडे बोट दाखवून या चालीला मूर्तिपूजा ठरवतात. परंतु तेथे संदेष्टा लाकडातून घडवलेल्या देवांविषयी बोलत आहे. घरात झाड सजवण्याची चाल जर्मन मुलखातली. स्ट्रासबुर्ग येथील तिची नोंद १६०५ सालची आहे. त्या झाडाला कोणी नमन करीत नाही. तेव्हा हा आरोप येथे लागू होत नाही, असे आम्हास वाटते.

तरी आपण मोकळे सुटलो असे नव्हे. अनुवाद २० मध्ये नगराला वेढा पडला असतानाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवण्यास मनाई केली आहे. इतर झाडे तोडण्यास मुभा आहे. शलमोनाच्या मंदिरास लबानोनचे गंधसरू लागले, पण ते हीराम राजाकडे मागून आणि मोबदला देऊन आणले. म्हणजे शास्त्र कुऱ्हाडच निषिद्ध ठरवीत नाही. ते विचारते, झाड कोणाचे? मागे काय उरते? आणि त्याची किंमत कोणी दिली?

परवाना घेऊन दाटीतले झाड नेणाऱ्या कुटुंबाला या प्रश्नांची उत्तरे देता येतात. धनी माहीत आहे, पैसे दिले आहेत, आणि उरलेल्या झाडांना उजेड व जागा मिळाली आहे. प्लॅस्टिकचे झाड घेणाऱ्यालाही हे प्रश्न चुकत नाहीत. एकच झाड वर्षानुवर्षे जपून वापरले तर ती काटकसर होय. हौसेखातर दर दोन वर्षांनी नवे घेतले तर जुने कुजतही नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या मंडळ्यांत बहुधा सुरूची फांदी किंवा मोरपंखीचे झुडूप आणतात. किनाऱ्यावरील सुरूची बने वारा व वाळू अडवण्यासाठी लावलेली असतात. झाडे तोडण्यावर निर्बंध घालणारे कायदे महाराष्ट्रात १९७५, कर्नाटकात १९७६ आणि गोव्यात १९८४ सालापासून आहेत. तरीही नाताळ जवळ आला की तरुण मंडळी कोयता घेऊन निघतात, आणि “फांदीच तर आहे, कोण विचारतो?” असे सहज म्हटले जाते. पुष्कळदा शब्बाथ शाळेची मुलेही बरोबर असतात. चोरून आणलेल्या फांदीखाली आपण त्यांना गव्हाणीतल्या बाळाची गोष्ट सांगतो; पण मुले गोष्टीआधी फांदी कशी आली हे शिकलेली असतात. एक फांदी पुन्हा फुटेल. मुलाच्या मनात बसलेली ती सवय इतक्या सहज निघणार नाही.

दावीद राजाला यबूसी माणसाने खळे आणि बैल फुकट देऊ केले, तेव्हा ज्याला आपणास काही पडले नाही ते देवाला अर्पण करण्यास तो तयार झाला नाही (२ शमुवेल २४). सणाच्या सजावटीलाही हा दंडक लावण्यास काय हरकत आहे?

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती आहे. यंदा मुलांना घेऊन झाडाच्या मालकाकडे जा. त्यांनाच परवानगी मागू द्या, त्यांच्याच हाताने पैसे द्या. मालक नाही म्हणाला तर रिकाम्या हाताने परत या आणि कुंडीत एखादे रोप लावा. त्या वर्षी मंदिरातील झाड लहान दिसेल. दिसू द्या. आपला प्रभूही लहान होऊनच आला.